जपान कळायला निशिकासाई सोडावंच लागतं का?

रानजाई
परवा इथेच एक लेख आला. सार असं: टोकियोत निशिकासाईला, म्हणजे भारतीयांच्या वस्तीत राहून भारतीय दुकानातून तूरडाळ आणणाऱ्यांनी जपान पाहिलाच नाही, खरा जपान हवा तर जपानी वस्तीत राहा, समोर येईल ते खा. वाचून डोकं सणकलं.

आम्ही निशिकासाईचेच. इथे काय जपानी माणसं राहत नाहीत? बांबूचे कोवळे कोंब तांदळाचा कोंडा घालून उकळायचे, हे मला शेजारच्या आजींनी शिकवलं. कचऱ्याचा वार चुकला की पिशवी चिठ्ठी लावून तिथेच पडून राहते, ते काय भारतात होतं? आणि २०१९ साली एदोगावाच्या, म्हणजे आमच्याच वॉर्डाच्या सभेवर भारतात जन्मलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले. परदेशी नागरिकांना तिथे मतच नाही. म्हणजे निवडून दिलं कोणी?

बोंबील_फ्राय
माझ्या लेखावर स्वतंत्र धागा! आभार.
आजी चांगल्या आहेत हो, पण संध्याकाळी दार लावलं की आत वरणभातच ना? मी ओसाकात जुन्या गल्लीत राहिलो. नवीन वर्षाला घरमालकीणबाईंनी ओझोनी हे नववर्षाचं सूप वाढलं, पांढऱ्या मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात) गोल मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे. टोकियोकडे तेच चौकोनी मोची घालून पातळ रश्शात करतात. त्यावरून बाईंनी टोकियोवाल्यांचा अर्धा तास उद्धार केला. हे दुकानात बसून कळतं? आणि जेवायला बोलावल्यावर 'यात मासा आहे का' विचारलंत की पुढचं आमंत्रण विसरा.

अळूचं_फदफदं
आलंच शेवटी शाकाहाऱ्यांवर! मिसो सूपमध्ये कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाची दाशी (सगळ्याच्या मुळाशी असलेला रस्सा), उदोन नूडल्सच्या रश्शात तीच, साधं थंड तोफू मागवलं तरी वर माशाचा कीस. विचारू नको तर काय करू? कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी जेवण, जेवून या एकदा. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि शिइताके अळंबी यांची दाशी, तिळाचं तोफू, कशाची कमी वाटत नाही. तो जपान नाही का? तेन्मू सम्राटाने ६७५ सालीच मांसबंदी केली होती. मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याची बातमी आली ती थेट १८७२ ला.

बोंबील_फ्राय
अर्धवट इतिहास. बंदी गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी एवढ्यांवर, तीही वर्षातले काही महिने. हरीण, रानडुक्कर यादीत नव्हतं. मासेही त्या यादीत नव्हते. मठातलं जेवण भिक्षूंचं, आमच्या गल्लीत ते रोज कोणी रांधत नव्हतं.

अळूचं_फदफदं
मग तुमच्या गल्लीतलं ओझोनी तरी टोकियोत कोण रांधतं? तुमची गल्ली म्हणजे जपान आणि माझा मठ म्हणजे सहल. वा!

खडूस_काका
सगळे दाशीत बुडालात. आधी घर मिळवून दाखवा. 'जपानी वस्तीत राहा' म्हणे! एजंट माझ्यासमोर मालकांना फोन लावायचा, 'परदेशी आहे' म्हणायचा आणि फोन ठेवून मान हलवायचा. जिथे जमलं तिथे रेइकिन, म्हणजे परत न मिळणारी दक्षिणा, वर जामीनदार. यूआरच्या निमसरकारी घरांना हे दोन्ही लागत नाही आणि तोझाई लाइनने ओतेमाचीची ऑफिसं एका गाडीत. म्हणून लोक निशिकासाईला गेले. डाळीसाठी नाही. दुकानं मागाहून आली.

रानजाई
काका, +१. मला हेच म्हणायचं होतं, रागात राहून गेलं.

बोंबील_फ्राय
ठीक. लेखात एक ओळ वाढवतो: 'वरील सल्ला ज्यांना घरमालक उभं करतील त्यांच्यापुरता.' खूश? मला कंपनीने घर शोधून दिलं होतं, हेही लिहितो, नाहीतर काका तेही काढतील. पण अळूताई, दाशीवर माघार नाही. कोम्बूच्या दाशीला ती चव येत नाही म्हणजे नाही.

अळूचं_फदफदं
ताई नाही, दादा. कोम्बू खळाखळा उकळलात तर कडूच लागणार. रात्रभर गार पाण्यात ठेवा, सकाळी मंद आचेवर तापवा आणि उकळी फुटायच्या आत बाहेर काढा. मग बोला.

खडूस_काका
झालं, आता पाककृतींचा धागा. रेइकिनवर कोणी बोलणार आहे का?