विषय: बेसबॉलच्या पंचांची क्रिकेटची सवय

नमस्कार मंडळी,
बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बेसबॉलला पंच म्हणून उभे राहणारे बहुतेक जण क्रिकेटमधनं येतात. स्ट्राइकवरून (बॅटरला मारण्याजोगा योग्य चेंडू) रोज वाद. नियमांचं पुस्तक पाठ करून घेतलं की भागेल काय? तिकडं रोज सामने बघणाऱ्यांनी जरा नीट सांगा की.
– टिळकवाडीकर

---

दादा, पुस्तकानं निम्मंच काम होईल. क्रिकेटमध्ये अपील झाल्याशिवाय पंच बाद देत नाही. इथे प्रत्येक पिचवर, म्हणजे पिचरनं टाकलेल्या चेंडूवर, स्ट्राइक की बॉल (चुकीचा चेंडू) ते न विचारता बोलायचं असतं. ही सवय लागेपर्यंत पाठांतराचा उपयोग नाही.

वाद होतात ते मुख्यतः उभं राहण्यामुळे. होम प्लेटमागच्या (बॅटरजवळची जमिनीतली पाटी) पंचानं कॅचरच्या (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याच्या) बरोबर पाठीमागे थांबू नये. कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत, हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या पातळीवर ठेवून बसायचं. कॅचर आत सरकला आणि फट बुजली, तर बाहेर झुकू नका, थोडं वर व्हा. बाहेरून बघितलं की आतला कोपरा दिसतच नाही.

प्लेट १७ इंच, म्हणजे ४३ सेंटीमीटर रुंद. पण चेंडूची कड नुसती घासून गेली तरी स्ट्राइक, त्यामुळे दोन्ही बाजूंना चेंडूचा व्यास धरून खरी रुंदी ५८ सेंटीमीटरच्या आसपास जाते. नवे पंच ४३ वरच अडतात आणि पिचरचा जीव खातात. उंचीचं उलटं होतं: कॅचरनं चेंडू जमिनीलगत पकडला की बॉल देतात. चेंडू प्लेटवरून जाताना कुठे होता ते बघायचं, मिट (कॅचरचा हातमोजा) कुठे थांबला ते नव्हे. वळणारा चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून जाऊन पुढे खाली पडतोच.

आणि घाई नको. चेंडू मिटमध्ये बसू द्या, एक श्वास घ्या, मग बोला.
– न्यू जर्सीहून

---

वरच्यात भर. बेसवरच्या पंचाचं दुखणं वेगळं आहे, तो फार जवळ जातो. पहिल्या बेसवरचा फोर्स (पळणाऱ्याआधी चेंडू बेसवर पोचला की बाद) १५ ते १८ फुटांवरून, थ्रोच्या रेषेला काटकोनात बघा. डोळे बेसवर, कान ग्लोव्हच्या आवाजाकडे. पाय आधी की आवाज आधी, एवढंच ठरवायचं. टॅग (पळणाऱ्याला चेंडू लावून बाद करणं) असेल तेव्हा मात्र जवळ जा, १०-१२ फूट.

हातवाऱ्यांत क्रिकेट नडतं ते इनफिल्ड फ्लायला (आतल्या क्षेत्ररक्षकाला सहज झेलता येणारा उंच फटका; झेल सुटला तरी बॅटर बाद). उजव्या हाताचं बोट वर जातं, आणि मुलं ते पाहून रनरही बाद समजतात. बाद फक्त बॅटर. रनर आपल्या जोखमीवर पळू शकतो. पहिला आणि दुसरा बेस भरलेला (तिसरा असो-नसो), बाद दोनपेक्षा कमी, साधा उंच फटका, बंट (बॅट नुसती लावून ढकललेला चेंडू) किंवा सरळ लाइन ड्राइव्ह नाही, हे सगळं जुळलं तरच. साधा आउट मूठ वळून द्यायचा, बोटानं नाही.

‘फेअर’ (फटका रेघेच्या आत; बाहेर गेला तर ‘फाउल’) तोंडानं कधीच म्हणू नका, नुसता आत हात दाखवा. कानडी-मराठी पोरांच्या गलक्यात ‘फेअर’ आणि ‘फाउल’ सारखंच ऐकू येतं, आणि ‘फाउल’ समजून सगळे जागेवर थांबले तर खेळ सावरता येत नाही.
– शिकागोहून

---

समजलं. मैदान आखायला टेप घेतोय. बेसमधलं अंतर २७.४३ मीटर ना? क्रिकेटच्या मैदानात चौकोन तिरका होतोय.
– टिळकवाडीकर

---

बरोबर. पण बाजू मोजून थांबू नका, कर्णही मोजा: होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंत ३८.८० मीटर, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतही तेवढंच. दोन्ही जुळले तरच फक्की मारा. दोन डावांनंतर पहिल्या बेसजवळची रेघ पुसली असेल, तेव्हा फक्कीची पिशवी पंचाजवळच राहू द्या.
– न्यू जर्सीहून