सेमी-इंग्रजीच्या मुलांना स्क्रॅबलसाठी कोणते इंग्रजी शब्द आधी शिकवावेत?

महालकर_मॅडम
नागपूरला महाल भागात शाळा आहे. आठवी-नववीच्या सेमी-इंग्रजीच्या मुलांचा स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर लावून शब्द करण्याच्या खेळाचा, गट सुरू करतोय. मुलांचं वाचन बरं आहे, पण बोर्डापुढे बसली की कॅट, ट्री, बुकच्या पुढे जात नाहीत. क्यू किंवा व्ही हातात आला की तो शेवटपर्यंत तसाच राहतो. स्पेलिंग स्पर्धेची अवघड शब्दांची यादी शाळेत पडून आहे, ती घेऊ का? आठवड्याला दोन तास मिळतात, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सामने आहेत.

धरमपेठ_रॅक
मॅडम, ती यादी नका घेऊ. दहा-बारा अक्षरी शब्द सात टाइल्समध्ये बसतच नाहीत. दोन अक्षरी शब्दांपासून सुरुवात करा.

त्याआधी शब्दकोश ठरवा. आपल्याकडच्या स्पर्धा कॉलिन्स शब्दकोशाच्या यादीवर होतात. 2019 च्या आवृत्तीत त्यात 127 दोन अक्षरी शब्द आहेत, अमेरिकी यादीत 107. सी-एच, के-वाय, झेड-ओ हे कॉलिन्समध्ये चालतात, तिकडे नाही. मोबाइलवरचं अ‍ॅप अमेरिकी यादीवर असेल तर मुलाचा बरोबर शब्दही चूक ठरतो आणि मूल पुन्हा तो शब्द लावायला धजत नाही. सेटिंग आधी बघून घ्या.

रोज दहा शब्द घेतले तर दोन आठवड्यांत सगळे होतात. पहिल्या दिवशी जड, म्हणजे जास्त गुणांच्या अक्षरांचे घ्या: क्यू-आय, झेड-ए, झेड-ओ, जे-ओ, जे-ए, एक्स-आय, एक्स-यू, ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स. क्यू-आयचा उच्चार ‘ची’, म्हणजे चिनी कल्पनेतली प्राणशक्ती. अर्थ एका ओळीत सांगून पुढे जा.

एवढ्याशा शब्दांना इतकं महत्त्व का, ते बोर्डावरच दाखवा. तिहेरी अक्षराचं, म्हणजे अक्षराचे गुण तिप्पट करणारं, रिकामं घर शोधा, ज्याच्या डावीकडे ओ आहे आणि वरच्या घरात ए. त्या घरात एकटा एक्स ठेवला की आडवा ओ-एक्स आणि उभा ए-एक्स असे दोन शब्द होतात. एक्सचे 8 गुण, तिप्पट 24, ते दोन्ही शब्दांत धरायचे. ओ आणि एचा एकेक. एका टाइलचे 50 गुण! सात टाइल्स एकदम लावल्यावर जो बोनस मिळतो, तेवढेच. हे मुलांनी एकदा स्वतः मोजलं की पाठांतर करा म्हणून सांगावं लागत नाही.

बर्डी_चौक
वर सांगितलंय त्यात हुक जोडा, म्हणजे तयार शब्दाच्या पुढे-मागे एक अक्षर लावणं. लाइट घ्या, एल-आय-जी-एच-टी. पुढे ए, बी, एफ, पी, एस यांपैकी कुठलंही अक्षर चालतं: अलाइट, ब्लाइट, फ्लाइट, प्लाइट, स्लाइट. मागे एस लावायचं मुलांना आपसूक सुचतं, पुढचं अक्षर सुचत नाही. म्हणून वहीत मधे शब्द, डावीकडे पुढची अक्षरं आणि उजवीकडे मागची, असे तीन रकाने पाडा. 100 टाइल्समध्ये एस फक्त चार आणि कोऱ्या, म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या, दोन. पाच-सात गुणांसाठी एस घालवायचा नाही, हे पहिल्या तासालाच बजावा.

आपल्या घरातले शब्दही कामी येतात. डी-ए-एल आणि डी-एच-ए-एल, दोन्ही डाळी चालतात. जी-एच-आय, रोटी, नीम, लाख, क्रोर, धोती हेही. जपायचं ते अनेकवचनाला: पी-ए-आय-एस-ए याला एस लागतो, पण पैसे म्हणजे पी-ए-आय-एस-ई हे आधीच अनेकवचन, त्याला पुन्हा एस नाही.

संत्रानगरी_७
सात अक्षरी शब्दांची घाई नको, पण जरा हात बसला की सहा अक्षरांच्या मुळावरून सुरुवात करा. आपल्या गावाला शोभेल असं मूळ म्हणजे ऑरेंज. तीच सहा अक्षरं फिरवली की ओ-एन-ए-जी-ई-आर, ऑनेजर, म्हणजे रानगाढव. आता सातवं अक्षर जोडा. डी आला तर ग्रोन्ड, आर आला तर ग्रोनर, टी आला तर निगेटर, एस आला तर ऑरेंजेस किंवा ऑनेजर्स. कार्डाच्या एका बाजूला अक्षरं वर्णक्रमाने लिहायची, ए-ई-जी-एन-ओ-आर आणि खाली टी. उत्तर मागच्या बाजूला. चुकलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी परत, जमलेलं आठवड्याने. सामन्यात समोर येतात ती विस्कटलेली अक्षरं, म्हणून सराव तयार शब्दावरून नको, अक्षरांवरूनच हवा.

आणि रॅक, म्हणजे आपल्या पुढ्यातल्या टाइल्स, जपायला शिकवा. टाइल्स लावून झाल्यावर मागे काय उरतं तेही बघायचं. दोन आय नि दोन यू उरले तर पुढची खेळी गेलीच म्हणा. स्वर साचले तर ए-ए, ए-ई, ओ-ई, ओ-आय असे छोटे शब्द, किंवा ऑडिओ, अड्यू. तरी सुटत नसेल तर पाळी सोडून टाइल्स बदलायच्या. पिशवीत किमान सात टाइल्स असतील तरच बदलता येतात, त्यामुळे शेवटपर्यंत थांबू नये.

प्रतापनगर_कोडी
बोर्ड कमी पडत असतील तर उरलेल्या मुलांना फळ्यावर वर्डल, म्हणजे लपलेला शब्द ओळखायचा खेळ, द्या: पाच अक्षरं, सहा प्रयत्न. मागचं आय-जी-एच-टी कळलं की मुलं लाइट, माइट, साइट, फाइट असं एकेक करत सगळे प्रयत्न संपवतात. तिथे मुद्दाम फिल्म्स लिहायला लावा. उत्तर ते नसतंच, पण एफ, एल, एम, एस या चारही अक्षरांचा निकाल एका प्रयत्नात लागतो.

महालकर_मॅडम
खूप आभार. क्यूसाठी क्यू-आय समजलं. व्हीचं काय करायचं?

धरमपेठ_रॅक
व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही, त्यामुळे तो कडेला चिकटवून संपवता येत नाही. तीन अक्षरी पाठ करून घ्या: वाउ म्हणजे व्ही-ओ-डब्ल्यू, व्ही-आय-ई, व्ही-ई-एक्स, आय-व्ही-वाय, आर-ई-व्ही. व्ही दोनच असतात, गुण 4. साठवून ठेवण्यासारखा तो नाही, दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत काढून टाकायचा. याचा उलटा उपयोगही आहे. गुणांत पुढे असाल तर मोकळ्या बाजूला व्ही असलेला शब्द टाका, त्या व्हीला लागून समोरच्याला समांतर शब्द लावणं फार अवघड जातं.