चित्र जगाचं, पण आपल्याला दिसतं किती? ऑलिंपिकच्या प्रक्षेपणाबद्दल

राधानगरीकर (धागाकर्ता)

1 ऑगस्ट 2024. दुपारी आमच्याकडे बायकांनी भांगलण अर्ध्यावर टाकली होती. आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत खेळत होता. आमच्या घरी वीस-बावीस माणसं टीव्हीसमोर बसली होती आणि त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच नेमबाजी बघितली.

त्या माणसांना काय दिसलं ते सांगतो. गुडघ्यावर बसून 15 गोळ्या, मग पालथं झोपून 15, मग उभं राहून. स्वप्नील गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर सहावा होता, झोपून झाल्यावर पाचवा झाला. खरी मजा ह्या चढण्यात होती. नेमकं तेव्हा जाहिराती लागल्या. त्या संपल्यावर स्टुडिओतली चर्चा. परत नेमबाजीच्या रेंजवर आलो तेव्हा तो उभ्यानं गोळ्या झाडत होता आणि दोन नेमबाज गायब झाले होते. ते का गेले, कुणी सांगितलं नाही. माझी आई विचारत राहिली, "ती दोन पोरं कुठं गेली रे?"

शेवटी 451.4 गुण आणि कांस्य. फटाके वाजले. पण शेजारचे काका हिरमुसले होते. दुसऱ्या आलेल्या युक्रेनच्या कुलिशचे 461.3 बघून म्हणाले, "आपला लईच मागं पडला." अहो, मागं नव्हता! 40 गोळ्यांनंतर दोघं बाद होतात आणि पुढे प्रत्येक गोळीला एक जण. स्वप्नील 44व्या गोळीला थांबला, कुलिशनं 45 मारल्या. ती जास्तीची एक गोळीच दहाच्या आसपास गुणांची. हे मला दुसऱ्या दिवशी वाचून कळलं. समालोचकाला एका वाक्यात सांगता आलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: रेंजवरचे कॅमेरे आपण लावत नाही, चित्र तयार मिळतं. ते कधी दाखवायचं आणि त्यावर काय बोलायचं, एवढंच आपल्याकडच्या वाहिनीच्या हातात असतं. आणि तेवढंही नीट होत नाही.

मुकुंद_दादर

तुमची तळमळ कळते, पण पटत नाही. पॅरिसचे खेळ मोबाइलवर फुकट होते. वेगवेगळ्या खेळांचं थेट प्रक्षेपण वेगवेगळं उघडता येत होतं. मी तोच अंतिम सामना ऑफिसात फोनवर बघितला. टीव्हीची वाहिनी एक, खेळ तीसच्या वर. ती प्रत्येकाला कशी खूश करणार? आणि हक्कांना पैसे लागतात, ते जाहिरातीतूनच येणार. चार वर्षं आपण क्रिकेटशिवाय काही बघत नाही आणि मग पंधरा दिवस उत्कृष्ट सेवेची अपेक्षा करतो. 1952 मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्य जिंकलं तेव्हा भारतात टीव्हीच नव्हता. कराडकरांनी ते न बघताच बैलगाड्यांची मिरवणूक काढली.

राधानगरीकर

मुकुंदराव, खाशाबांच्या वेळी नव्हतं म्हणून आज अर्धवट चालेल, हे मला मान्य नाही. आणि फोनचं म्हणाल तर दाजीपूरच्या बाजूला पावसाळ्यात मोबाइलची रेंज मिळवायला टेकावर जावं लागतं. वीस माणसं एका फोनभोवती बसून 10.9 गुणांची गोळी आणि 9.9 ची गोळी ह्यातला फरक बघू शकत नाहीत. खेड्यात मोठी मॅच अजून टीव्हीवरच बघतात.

पडद्यामागे

मी मुंबईत खेळांच्या प्रक्षेपणाचं काम करते, म्हणून दोन गोष्टी लिहिते. पहिली: धागाकर्त्यांचं बरोबर आहे, चित्र तयार येतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2001 मध्ये ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस ही स्वतःची संस्था काढली. सगळे सामने तीच चित्रित करते आणि हक्क घेतलेल्या जगभरच्या वाहिन्यांना तेच चित्र पुरवते. पॅरिसच्या वेळी ह्या संस्थेनं 11,000 तासांहून जास्त साहित्य तयार केलं. कुठला खेळाडू मोठा दिसावा, रिप्ले कधी यावा, हे तिचा दिग्दर्शक ठरवतो. आपण फक्त ह्या चित्रावरून त्या चित्रावर उडी मारतो.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. बहुतेक समालोचक मैदानावर नसतात. ते इथे स्टुडिओत बसून तुम्ही बघता तोच पडदा बघून बोलतात. एकाच माणसाला सकाळी तिरंदाजी, दुपारी नेमबाजी, रात्री बॅडमिंटन. तयारीला वेळ मिळत नाही. त्यातच आतून कानात आवाज येतो: तिकडे आपला बॉक्सर रिंगणात उतरला, इकडचं आटपा. दोन भारतीय एकाच वेळी खेळत असतील तर काय सोडायचं हे काही सेकंदांत ठरवावं लागतं. जे सोडलं त्याबद्दल शिव्या ठरलेल्या. तुम्ही "एवढंच" म्हणता ना, ते एवढं सोपं नाही.

राधानगरीकर

ताई, तुमच्या कामाचा अपमान करायचा नव्हता. पण एक सांगा, थ्री पोझिशन्समध्ये एका पोझिशनमधून दुसरीत जायला नेमबाजांना मध्ये काही मिनिटं मिळतात. तेव्हा मुकाबला थांबलेलाच असतो. जाहिराती तिथे का घेता येत नाहीत? चालू गोळ्यांच्या मध्ये का?

पडद्यामागे

घेता येतात. घ्यायला हव्यात. त्यासाठी नियंत्रण कक्षात तो खेळ कळणारा एक माणूस हवा, आणि बहुतेक वेळा तो नसतो. इथे मी तुमच्या बाजूनं आहे.

गंगावेशीतला

मला जाहिरातींपेक्षा बोलण्याचा राग जास्त आहे. आमच्या कोल्हापूरच्या कुस्ती मैदानात हलगी वाजत असते आणि निवेदक माइकवरून सांगत असतो: हा अमक्या तालमीचा, हा तमक्या वस्तादाचा पठ्ठ्या, आता घिस्सा मारणार, बघा, पाय गुंतवला. पहिल्यांदा आलेल्या पाव्हण्यालाही कुस्ती कळते. 9 ऑगस्टला अमन सेहरावतनं 57 किलोत पोर्तो रिकोच्या डॅरियन क्रूझला 13-5 नं हरवून कांस्य घेतलं. तेरा गुण! आणि समालोचनात काय? "शाब्बास अमन, दोन गुण, आणखी दोन गुण, देशाला अभिमान." अरे, पण कशाचे दोन? खाली पाडून मागं गेला म्हणून, की पाठ दाखवायला लावली म्हणून? रिंगणाबाहेर ढकलल्याचा एक गुण वेगळा. मातीत वाढलेल्या माणसाला मॅटचे नियम सांगायला हवेत, कारण तिथलं गुणांचं गणित वेगळं आहे. मराठीत रेडिओवर बाळ ज. पंडितांनी क्रिकेट नुसतं शब्दांतून दाखवलं, चित्राशिवाय. चित्र समोर असून ह्यांना सांगता येत नाही?

एडिसनकर

अमेरिकेतून लिहितोय. तुम्हा लोकांना निदान सगळं थेट दिसतं ह्याची किंमत कळत नाही. इथे आम्ही किती तरी वर्षं सामना दुपारी संपलेला आणि टीव्हीवर रात्री, कापून-जोडून, असं बघितलंय. मुलाला सांगायचो, संध्याकाळपर्यंत इंटरनेट उघडू नकोस. इथल्या वाहिनीनं 2014 मध्ये 2032 पर्यंतच्या हक्कांसाठी 7.65 अब्ज डॉलर मोजायचा करार केला. एवढे पैसे ओतणाऱ्याच्या सोयीनंच खेळ चालतात. 2008 ला बीजिंगमध्ये पोहण्याच्या अंतिम शर्यती सकाळी ठेवल्या, कारण तेव्हा अमेरिकेत रात्र होती आणि लोक घरी टीव्हीसमोर होते. जलतरणपटूंच्या झोपेचा विचार नंतर. तेव्हा आपल्या वाहिनीला एकटीला धारेवर धरू नका.

नियमावली

पैशांचं सगळे बोलतात, कायद्याचं कुणीच नाही. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या क्रीडास्पर्धांचं थेट प्रक्षेपण खासगी हक्कधारकाला प्रसार भारतीबरोबर, म्हणजे दूरदर्शनबरोबर, वाटून घ्यावं लागतं, तेही स्वतःच्या जाहिराती काढून. हेतू हा की गरिबातल्या गरिबाला बघता यावं. पण 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की असं वाटून मिळालेलं चित्र प्रसार भारतीनं केबलवाल्यांपर्यंत पोचवायचं नाही. ते स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिश ह्या स्वतःच्या फुकट छत्रीसेवेवरून दाखवायचं. हक्कासाठी पैसे मोजणाऱ्याची बाजू मला समजते. पण घरात केबल आहे, महिन्याला पैसे भरतोय, अशा माणसाला कायद्यानं दिलेलं चित्र मिळत नाही. त्यानं गच्चीवर दुसरी छत्री लावायची का? राधानगरीकरांच्या आईनं विचारलेला प्रश्न मला तिथपर्यंत नेतो.

स्मिता_नाशिक

मला सगळ्यांशीच थोडं भांडायचंय. इथे प्रत्येकाला आपलाच खेळाडू हवाय. 5 ऑगस्टला स्वीडनच्या डुप्लांटिसनं बांबूउडीत 6.25 मीटरचा विश्वविक्रम केला. सुवर्ण आधीच नक्की झालेलं, तरी तो तीनदा उडी मारायला आला आणि तिसऱ्या प्रयत्नात पार गेला. असं पुन्हा कधी बघायला मिळेल? आणि आपल्याकडे "भारताच्या आजच्या आशा" म्हणून तेच चार चेहरे फिरवत होते.

आणि आपल्या माणसाची शर्यत असली तरी तीच गत. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला. तिथपर्यंत पोचलेला पहिला भारतीय पुरुष. भारतात रात्रीचा एक वाजून गेला होता, मी जागी होते. साडेसात फेऱ्या, 28 अडथळे, वर पाण्याच्या सात उड्या. तो 8 मिनिटं 14.18 सेकंदांत अकरावा आला. पण त्याच शर्यतीत इथिओपियाचा विश्वविक्रमवीर लामेचा गिर्मा शेवटच्या फेरीत अडथळ्याला अडखळून पडला, बेशुद्ध झाला, त्याला स्ट्रेचरवरून नेलं. अमेरिकेचा रूक्स मागून येऊन सगळ्यांच्या पुढे गेला आणि मोरोक्कोच्या एल बक्कालीनं त्याला शेवटी गाठून सुवर्ण घेतलं. ही शर्यत किती कठीण होती हे कळलं तरच अविनाशचा अकरावा क्रमांक कळतो ना? दुसऱ्या दिवशी बातम्यांत "साबळेकडून निराशा" एवढंच. बाकीचे दहा कोण होते, हे दाखवल्याशिवाय आपला माणूस कितपत चांगला हे कुणाला समजणार?

मुकुंद_दादर

स्मिताताई, ह्या मुद्द्यावर मी गप्प बसतो. फोनवर सगळं उघडता येतं खरं, पण काय उघडायचं हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. मी डुप्लांटिसचं दुसऱ्या दिवशी बघितलं. पैशांबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. फुकट हवं, जाहिरातीही नकोत आणि समालोचकही तयारीचा हवा, हे तिन्ही एकदम जमणार नाही.

राधानगरीकर

जाहिराती नकोत असं मी म्हटलंच नाही, मुकुंदराव. पोझिशन बदलताना दाखवा, हवं तर दहा दाखवा. 38व्या गोळीला नको, इतकंच.

स्मिताताईंचं वाचून एक कबूल करतो. स्वप्नीलच्या त्या फेरीत चीनचा लिऊ युकून 463.6 गुणांनी सुवर्ण घेऊन गेला आणि आमच्या घरात त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. त्याची शेवटची पाच मिनिटं मी नंतर बघितली. उभ्यानं झाडताना त्याचा खांदा हलतच नव्हता. मुलांना ते दाखवायला हवं होतं.

गंगावेशीतला

पुढचे आशियाई खेळ जपानात, नागोयाला, 19 सप्टेंबर 2026 पासून. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे तिथली संध्याकाळ ती आपली दुपार. पडद्यामागेताई, नेमबाजीचं, कुस्तीचं आणि धावण्याचं वेळापत्रक भारतीय वेळेत, मराठीत, नियमांच्या दोन-दोन ओळींसकट इथे टाकता येईल का? कुस्तीचं मी लिहितो.

पडद्यामागे

वेळापत्रक आलं की टाकते. नेमबाजीचं राधानगरीकरांनी लिहावं. ती दोन पोरं कुठं गेली, तिथून सुरुवात करा.