पुण्याचा संघ प्रेक्षकांनी बुडवला म्हणे! आधी कोचची यादी वाचा

कोथरूडचा कीपर
काल इथे एका महाशयांनी निकाल देऊन टाकला की एफसी पुणे सिटी, म्हणजे आयएसएल (इंडियन सुपर लीग) या फुटबॉल लीगमधला आपला क्लब, २०१९ मध्ये गुंडाळली गेली ती पुणेकर बालेवाडीच्या स्टेडियमला फिरकले नाहीत म्हणून. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

यादी बघा. २०१४ कोलोम्बा. २०१५ डेव्हिड प्लॅट. २०१६ हबास. २०१७-१८ पोपोविच. २०१८-१९ मिगेल पोर्तुगाल, ते तीन सामन्यांत घरी, मग काही काळ प्रद्युम रेड्डी, मग फिल ब्राऊन. पाच मोसमांत सहा कायमचे कोच. आणि कोच बदलला की फक्त डगआऊटमधला कोट बदलत नाही. त्या काळी मैदानावर सहा परदेशी चालायचे (२०१७-१८ पासून पाच), म्हणजे जवळपास निम्मा संघ दरवर्षी नवा. पहिल्या वर्षी सदतिशीला टेकलेला त्रेझेगे. दुसऱ्या वर्षी मुटू, झोकोरा, तुंचाय, रॉजर जॉन्सन. तिसऱ्या वर्षी गुडजॉनसन जाहीर केला, तो दुखापतीनं गेला, त्याच्या जागी सिसोको. नावं वाचून पोस्टर छान होतं. पण त्रेझेगे हा डीमधला, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी चौकटीतला माणूस. त्याला दोन्ही बाजूंनी बॉल टाकणारे लागतात, ते आधी घ्यायचे, नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा, नंतर. इथे वरात आधी आणि लग्न नंतर.

एकाच वर्षी डोकं वापरलं. २०१७-१८ ला आयएसएलमध्येच तावून निघालेले मार्सेलिन्यो आणि अल्फारो आणले. अल्फारोचे ९, मार्सेलिन्योचे ८ गोल, चौथा क्रमांक, पहिल्यांदा उपांत्य फेरी. पुढच्या मोसमात पुन्हा नवा कोच आणि सातवा क्रमांक. प्रेक्षकांनी काय बेंचवर बसून बदली खेळाडू निवडले का?

बाणेर_लिंक_रोड
कालचा धागा माझाच. ‘महाशय’ म्हटल्याबद्दल आभार.

कोचची यादी सगळ्यांना पाठ आहे. ती लक्षणं आहेत, रोग नाही. क्लब बंद पडला तो पैशापायी, आणि पैसा गेटवर नव्हता. बालेवाडी बांधलं १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी, फुटबॉलसाठी नाही. मधे आठ लेनचा ट्रॅक. गोलमागे बसलात तर पलीकडच्या डीमध्ये काय चाललंय ते दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचं. हडपसर-कात्रजच्या माणसानं कामाच्या दिवशी संध्याकाळी तिथे पोचायचं कसं, ते सांगा, मग कोलोम्बावर बोलू.

कोथरूडचा कीपर
बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमलाही ट्रॅक आहे साहेब. बंगळूरचे लोक काय दुर्बिणी घेऊन जातात?

बाणेर_लिंक_रोड
कांतीरवा कब्बन पार्कला लागून आहे, गावाच्या मधोमध. बालेवाडी हायवेच्या काठाला. ट्रॅक सारखा असला म्हणून पत्ता सारखा होत नाही.

पेठेतला_स्टॉपर
बंगळूरचा विषय निघालाच आहे तर पुरा करा. २०१३ ला बंगळूरचा क्लब निघाला, २०१८ पर्यंत दोनच कोच, वेस्टवूड आणि रोका. छेत्री पहिल्या मोसमापासून. दोन आय-लीग (देशातली जुनी लीग) जिंकून, बसवलेला संघ घेऊन आयएसएलमध्ये उतरले. मार्च २०१८ ची उपांत्य फेरी आठवा: इथे ०-०, तिथे ३-१, तिन्ही छेत्रीचे. आपल्या लुकाचा एक आला तो ८२ व्या मिनिटाला, तोवर दोन खाऊन झाले होते. ती हार प्रेक्षकांची नव्हती हे मान्य. पण कोचचीही नव्हती. पाच वर्षं एकत्र खेळलेल्या कण्यासमोर आठ महिन्यांचा संघ होता, एवढंच.

आणि पुण्यात असा कणा होता! पुणे एफसी, एफसी पुणे सिटीच्या आधीपासूनचा वेगळा क्लब. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक, डेरिक परेरांच्या हाताखाली. इझुमी, जपानमध्ये जन्मून भारताचं नागरिकत्व घेतलेला, तेव्हा इथेच. आशिक कुरुनियनही त्यांच्याच अकादमीतून वर आला. २०१५ ला तो संघ मिटला. चालती गाडी भंगारात घातली आणि शोरूमसमोर नवी येण्याची वाट बघत बसलो.

बाणेर_लिंक_रोड
पुणे एफसीचा मुद्दा मान्य. नाईलाजानं.

करवीर१०
पुणेकरांचं भांडण बघून करमणूक झाली. अहो, फुटबॉलचं गाव म्हंजे आमचं कोल्हापूर, पुण्यापासनं सव्वादोनशे किलोमीटरवर हाय. शाहू स्टेडियमला आमच्या पाटाकडील-दिलबहार संघांची मॅच लागली की पेठाच्या पेठा उठून येत्यात, तिथं कोण पत्ता इचारत न्हाई. अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला, तो कुठला? कोल्हापूरचा. तुमच्या संघानं त्रेझेगेच्या एका पगारात आमच्याकडची अख्खी फळी घेतली असती की!

एक कळकळीचं सांगतो. तुमच्यात कॉर्नरवर अजून हरेकाला एकेक गडी वाटून देत्यात. तिथंच निम्मं गोल खाता. झोन लावा झोन, म्हंजे गडी न्हाई, ज्यानं त्यानं आपली जागा राखायची.

कोथरूडचा कीपर
करवीरराव, पेठा येतात हे खरं, पण दंगा झाला की स्पर्धा थांबते हेही खरं. ते राहू द्या. कॉर्नरचं मात्र चुकीचं सांगताय. झोन लावायला चार चांगले हेडर लागतात. आपल्या स्थानिक संघात दोन असतात, त्यातला एक फॉरवर्ड. उंच गड्याला उंच गडी, हाच शहाणपणा.

करवीर१०
उंच गड्याला उंच गडी दिला की समोरचा काय करतो? आपल्याच माणसाला तुमच्या स्टॉपरच्या (मधल्या बचावपटूच्या) आडवा उभा करतो. स्टॉपर अडला, गडी सुटला. तुमचा माणूस गड्याकडं बघणार का बॉलकडं? दोन डोळं हायत, दोन डोकी न्हाईत.

मोजून सांगतो. गोलकडं आत वळणारा कॉर्नर असंल तर चार जण सहा यार्डाच्या रेषेवर: एक जवळच्या खांबाच्या बाहेरच्या अंगाला, एक खांबासमोर, एक मधोमध, एक लांबच्या खांबासमोर. पाचवा जवळच्या खांबापाशी, गोललाईनपासनं हातभर पुढं. तिघं पेनल्टी स्पॉटच्या आसपास, त्यांनी हेडर करायचाच न्हाई, नुसतं पळत येणाऱ्याच्या वाटंत उभं ऱ्हायाचं. एक डीच्या तोंडाला सुटलेल्या बॉलसाठी, एक शॉर्ट कॉर्नरसाठी (जवळच्याला दिलेल्या पाससाठी) ९.१५ मीटरवर. झालं धा.

मगरपट्टा_हाफ
दहा झाले आणि पुढे कोणी उरलाच नाही. क्लिअर केलेला बॉल परत त्यांच्याकडेच, पुन्हा क्रॉस. कॉर्नर एक, हल्ले तीन. एक चपळ पोरगा मध्यरेषेवर ठेवा, समोरचे दोन बॅक आपोआप मागे राहतात. डीमधली गर्दी दोनने कमी. साधी वजाबाकी आहे.

पेठेतला_स्टॉपर
झोनमधली खरी खोट कोणी बोलत नाहीये. उभा असलेला माणूस जागेवरून उडतो, पळत येणारा चार-पाच मीटरची धाव घेऊन. उडीत एवढा फरक पडतो की उंची बाजूला राहते. म्हणून झोन म्हणजे खुंट्या ठोकून उभं राहणं नाही. किकरचा पाय बॉलला लागला की प्रत्येकानं आपल्या पट्ट्यात एक-दोन पावलं पुढे, बॉलवर जायचं. आणि दुसरा नि तिसरा यांच्या मधली फट ठरलेली. दोघे एकमेकांकडे बघतात, ‘तुझा होता’ हे गोलनंतर म्हणतात. नियम एकच: मधे पडलेला बॉल मागच्याचा, म्हणजे लांबच्या खांबाकडच्याचा. कारण तो पुढे येत मारतो, पुढच्याला मागे सरकत मारावा लागतो.

कोथरूडचा कीपर
बरं, ‘मागच्याचा’ हे घेतो. बाकी नाही. आता कीपरचं ऐका, कारण सगळे दहा जणांचं बोलताय आणि अकरावा जाळीत. झोनमध्ये पाच जण कीपरसमोर भिंतीसारखे, त्यात समोरच्यांचे दोन येऊन त्याला चिकटतात. बॉल पंच करायला त्यानं कुठून यायचं? निदान एकाचं काम ‘कीपरच्या शेजारी उभ्या माणसाला बाहेर ढकलत ठेवणं’ एवढंच हवं, हातानं नाही, अंगानं. कीपर ७.३२ मीटरच्या मधोमध, लाईनपासून एक पाऊल पुढे, अंग मैदानाकडे उघडं. जवळच्या खांबाला टेकून उभा राहिला तर लांबचा बॉल गेलाच. आणि हाक एकच, दोनच शब्दांतली: ‘माझा’ किंवा ‘बाहेर’. ‘अरे बघ बघ बघ’ ही हाक नाही, आरती आहे.

सहकारनगर_रेफ्री
कॉर्नरच्या धाग्यात एक भर. जुलै २०२५ पासूनच्या नियमानुसार कीपरनं बॉल हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर आता इनडायरेक्ट फ्री किक नाही, थेट समोरच्यांना कॉर्नर. शेवटची ५ सेकंदं पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. वेळ काढायच्या जुन्या सवयी असलेल्या कीपरांनी आधी घड्याळ शिकावं, मग झोन.

बाणेर_लिंक_रोड
क्लब का बंद पडला यावर चर्चा होती. आता कीपरला ढकलायचं कोणी, यावर आलीये. कोलोम्बा कुठे गेले?

मगरपट्टा_हाफ
डीच्या तोंडाला उभे आहेत, सुटलेल्या बॉलसाठी.

पेठेतला_स्टॉपर
विषय तोच आहे, बाणेरकर. एका कोचनं झोन शिकवला, पुढच्यानं माणसं वाटली, तिसऱ्यानं अर्धं-अर्धं. ही सवय पळण्यातून येत नाही, घोकून येते. तीन फेऱ्या लागतात, प्रत्येकी आठ-दहा बॉल. पहिली चालत, समोर कोणी नाही, नुसत्या जागा. दुसऱ्यात समोरचे पळतात पण उडत नाहीत. तिसरी पूर्ण. आठवड्यातून एकदा, पंचवीस मिनिटं. जवळ निदान दहा बॉल हवेत. एकच बॉल असला तर पंचवीस मिनिटांतली पंधरा तो ओढ्यातून काढण्यात जातात. सहा आठवड्यांनी कुठे पाय आपोआप जागेवर जातात, आणि तोवर कोच बदललेला असतो. म्हणून सहा कोच म्हणजे सहा पद्धती, म्हणजे एकही नाही.

आणि बदली खेळाडूचं गणित. माणसं वाटलेली असताना ६५ व्या मिनिटाला थकलेला स्टॉपर काढून ठेंगणा विंगर आणला, तर त्याच्या वाट्याला समोरचा सगळ्यात उंच गडी येतो. बदल करताना कोच विंगरकडे बघत असतो, कॉर्नरच्या कागदाकडे नाही. झोनमध्ये जागा बदलत नाही, नुसतं मधल्या जागेवर तिथला उरलेला सर्वात चांगला हेडर सरकवायचा.

करवीर१०
बघा की! शेवटी माझंच म्हणणं आलं. फक्त पुणेरी भाषेत, म्हंजे तीनपट लांब.

कोथरूडचा कीपर
तुमचं नाही आलं. स्टॉपरनी मिश्र पद्धत सांगितली आहे. तुमच्या दहात पेनल्टी स्पॉटवरचे तिघं गडीच धरतात की! म्हणजे तुम्हीही माणसंच वाटलीत, फक्त ‘झोन’ अशी पाटी लावून.

करवीर१०
वाट आडवतात, धरत न्हाईत. धरलं की पेनल्टी. एवढा फरक कळत नसंल तर इनो घ्या.

सहकारनगर_रेफ्री
वाट अडवणं आणि अंगानं रोखून धरणं यातला फरक मी ठरवतो, तुम्ही दोघं नाही.

बाणेर_लिंक_रोड
इतका वेळ वाचलं. माझं म्हणणं थोडं बदलतो, पण पूर्ण नाही. संघ मैदानावर खराब झाला तो कोच-बदलानं, कबूल. पण कोच दरवर्षी का बदलत होते? कारण दरवर्षी नवा चेहरा दाखवून नवे प्रायोजक शोधायचे होते. गेटवर स्थिर दहा हजार लोक असते तर एखाद्या पोपोविचला तीन वर्षं देण्याची हिंमत झाली असती. हैदराबादलाच बघा. पुण्याच्या जागी गेलेला तो क्लब पहिल्या मोसमात तळाला, फिल ब्राऊन तिथेही गेले आणि तिथूनही गेले. मग कोच मार्केझना वेळ दिला आणि २०२१-२२ ला गोव्यात फातोर्ड्याला फायनलमध्ये केरळला टायब्रेकरवर हरवून विजेते.

कोथरूडचा कीपर
आणि मार्केझच्या त्या पहिल्या दोन मोसमांत सगळे सामने गोव्यात, करोनामुळे बंद दाराआड. फायनलला काय ते प्रेक्षक आले. गेटवर लोक असल्याशिवाय कोचला वेळ देता येत नाही म्हणता, तर मार्केझना वेळ कोणी दिला, रिकाम्या खुर्च्यांनी? स्वतःच्याच उदाहरणानं स्वतःच्याच गोलमध्ये मारलात, बाणेरकर.

बाणेर_लिंक_रोड
...हा गोल मान्य. ऑफसाईडचा संशय आहे, पण मान्य.

करवीर१०
मंग ठरलं तर. संघ परत आला तर निम्मी पोरं कोल्हापूरची, कोच तीन वर्षं, कॉर्नरला झोन.

मगरपट्टा_हाफ
आणि मध्यरेषेवर एक चपळ पोरगा.

करवीर१०
न्हाई. धाच्या धा मागं.

मगरपट्टा_हाफ
एक पुढे!

पेठेतला_स्टॉपर
आघाडी असेल तर दहा मागे, बरोबरी असेल तर एक पुढे. आणि ते सामन्याआधी ठरवा, कॉर्नर मिळाल्यावर ओरडून नाही.

कोथरूडचा कीपर
जवळच्या खांबापाशी कोण उभं राहणार ते अजून कोणी सांगितलेलं नाही. मी विचारतोय कारण तिथे प्रत्येक वेळी लेफ्टबॅक असतो, आणि प्रत्येक वेळी तो बूटची नाडी बांधत असतो.