मदत हवी आहे: मावळत्या आफ्टरग्लोच्या स्टॅक केलेल्या फ्रेमना वेळ कोणती द्यावी?

नमस्कार मंडळी.

आठ इंची न्यूटोनियन दुर्बीण आणि कूल्ड मोनो कॅमेरा वापरून गॅमा किरण स्फोटाच्या आफ्टरग्लोचा (स्फोटानंतर मागे उरणाऱ्या, मंदावत जाणाऱ्या प्रकाशाचा) प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, काढण्याची माझी तयारी चालू आहे. मावळातल्या चांगल्या रात्री, बऱ्याच फ्रेम स्टॅक केल्या (एकावर एक जुळवून एकत्र केल्या) की, १९व्या प्रतीच्या आसपासचे तारे मला मोजता येतात (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). २९ मार्च २००३ चा सिंह राशीतला स्फोट सुरुवातीच्या तासांत सुमारे १३व्या प्रतीचा होता, पण तसे भाग्य क्वचितच लाभते. ९ ऑक्टोबर २०२२ चा विक्रमी स्फोट तर आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ, दाट धुळीआड होता.

अडचण अशी आहे. आफ्टरग्लोचे तेज साधारणपणे स्फोटापासूनच्या वेळेच्या घातानुसार घटते. घातांक उणे १ धरला, तर वेळ दसपट होईपर्यंत तेज अडीच प्रतींनी उतरते, म्हणजे दोन तासांनी १७व्या प्रतीचा असलेला ठिपका वीस तासांनी १९.५ वर जाऊन माझ्या आवाक्याबाहेर पडतो. त्यामुळे लांब स्टॅक करणे भाग आहे आणि नेमक्या त्याच काळात तो मंदावत असतो. समजा, स्फोटानंतरच्या पहिल्या तासापासून तिसऱ्या तासापर्यंतच्या फ्रेमची सरासरी घेतली. मधली वेळ दोन तास येते, पण मोजलेले सरासरी तेज प्रत्यक्षात सुमारे १ तास ४९ मिनिटांचे असते. एवढ्याने ०.१ प्रतीचा फरक पडतो आणि तेजस्वी टप्प्यात तो माझ्या मापनत्रुटीपेक्षा मोठा आहे.

ही दुरुस्ती करायला घातांक आधी माहीत हवा आणि शोधायचा आहे तोही घातांकच. अंदाजी घातांकाने वेळ ठरवून, वक्र बसवून, उत्तर स्थिर होईपर्यंत हेच पुन्हा करणे शास्त्रशुद्ध ठरेल का? की लॉगरिदमिक अंतराने छोटे छोटे स्टॅक करून जास्त त्रुटी पत्करावी? क्षितिजाकडे उतरताना फ्रेमचा दर्जा घसरतो. तेव्हा भारित सरासरी घेतली, तर वेळेलाही तेच भार लावायचे ना? सरासरीऐवजी मीडियनने (मधल्या मूल्याने) स्टॅक केल्यास या गणिताचे काय होते, हेही मला उलगडलेले नाही.

जाता जाता आणखी एक: फिल्टर न लावता गाया या अंतराळ दुर्बिणीच्या तारासूचीतल्या जी पट्ट्याच्या प्रतींशी तुलना करायची, तर तुलनातारे आफ्टरग्लोच्या रंगाशी कितपत जुळलेले असावेत? प्रत्यक्ष प्रकाशमापन करणाऱ्यांनी आपली पद्धत सांगितल्यास आभारी राहीन.