पोटात एक, पदराखाली एक: तुमचं काय झालं ते सांगा

मी जळगावची. लेक एकवीस महिन्यांची आहे, मला चौथा महिना लागलाय आणि ती अजून अंगावर पिते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी पारोळ्याला गेले. झोक्यावर बसायच्या आधीच मोठ्या काकूंनी विचारलं, "अजून तोडलं नाहीस? पोटातल्याचं दूध तिला पाजतेस होय?" दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांची मतं ऐकून झाली. दूध गरम पडतं, मोठीला जुलाब लागतात, पोटातलं बारीक राहतं, मोठी किरकिरी होते. डॉक्टरबाईंनी मात्र सगळं विचारून घेतलं: पहिलं बाळंतपण दिवस भरून झालं होतं ना, रक्त जात नाही ना, जुळं नाही ना. मग म्हणाल्या, चालू ठेव, पोटात कळा आल्या किंवा अंगावरून काही गेलं तर लगेच ये. म्हणजे एका बाजूला त्या एकट्या आणि दुसऱ्या बाजूला अख्खी गल्ली. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी लिहा. सल्ला नको, घडलेलं सांगा. गावाचं नाव टाका, स्वतःचं नको.

भुसावळ

मला दिवस गेलेत हे कळलं तेच मुळी दुखण्यावरून. पोराने तोंडात घेतलं की कळ थेट डोक्यात जायची. वाटलं, दाढा येताहेत, चावत असेल. "अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत" यावर माझा भलताच विश्वास होता. नंतर नर्सबाईंनी समजावलं की ते खरं आहे, पण बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, पाणीसुद्धा न देता फक्त अंगावरचंच चालू असेल आणि पाळी परत आली नसेल तरच. माझं पोरगं पावणेदोन वर्षांचं, वरण-बट्टी खाणारं. मी कशाच्या भरवशावर होते देव जाणे.

मे महिना होता. इथलं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. खोलीत कूलर घरघरतोय, पोरगं घामाने चिकटलंय आणि मी दात-ओठ खाऊन मनात आकडे मोजतेय. मनातले आकडे कधी तोंडाबाहेर यायला लागले कळलं नाही. दहा झाले की थांबायचं, असं ठरलं. आठवड्याभरात "नऊ" ऐकलं की तो डोळे मिटून जोर लावून ओढायचा, "दहा"ला सोडायचा आणि कूस बदलायचा. दहापर्यंतचे आकडे त्याला असे आले.

पाचव्या महिन्यात दूध जवळपास आटलं. त्याने एकदा ओढून बघितलं, दुसरीकडे ओढून बघितलं, मग उठून बसला आणि म्हणाला, "मम्मी, नळ गेला." आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्याला ते चांगलं ठाऊक होतं. पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी विचारायचा, नळ आला का. मग विचारणंही थांबलं. तोडावं लागलं नाही. रडले ते मीच.

धुळे

मला थांबावं लागलं. पहिली मुलगी ३४ आठवड्यांत झाली होती, त्यामुळे दुसऱ्या खेपेला पिशवीच्या तोंडाला टाका घातला. डॉक्टरांनी कारण सांगितलं तेही लिहिते, कारण मला ते सांगेपर्यंत सगळे नुसतं 'बंद कर' म्हणत होते. बाळ ओढतं तेव्हा शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं. त्यानेच दूध उतरतं आणि त्यानेच पिशवी आवळते. बाळंतपणानंतर पाजताना ओटीपोटात कळा येतात त्या याच. सगळं ठीक असलेल्या गरोदरपणात एवढ्याने काही बिघडत नाही, पण माझ्यासारखीला धोका नको.

सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला वाटून दिला. लावला. मुलीने चाटलं, तोंड वाकडं केलं, माझाच पदर ओढून स्वच्छ पुसलं आणि पुन्हा प्यायला लागली. शेवटी नवऱ्याने तिला घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला सुरुवात केली. अकरा रात्री. पहिल्या तीन रात्री मी दाराला पाठ लावून बसून काढल्या. बाराव्या सकाळी ती माझ्याजवळ आली, चोळीवर हात ठेवून झोपली, मागितलं नाही.

नंदुरबार

मी आहार बघण्याचं काम करते, दोन मुलांची आईही आहे. काकूंचं वाक्य मलाही ऐकवलं गेलंय, म्हणून आधी तेच. पोटातलं बाळ दुधावर वाढत नाही, नाळेवर वाढतं. तेव्हा मोठं त्याचा वाटा खात नाही. खाल्ली जाते ती आई. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने गरोदर बाईला रोज ३५० किलोकॅलरी जास्त लागतात. अंगावर पाजणारीला पहिले सहा महिने ६०० आणि पुढे वर्षापर्यंत ५२०. ३५० म्हणजे साधारण शंभर ग्रॅम दादर ज्वारीच्या पिठाच्या भाकरी. सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात त्या पडतात का, तेवढं बघा. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. काळी शी होते म्हणून चुलीमागे टाकलेल्या पाकिटांचा ढीग मी बघितलाय.

सातपुड्याच्या पाड्यांवर मला वेगळंच दिसायचं. दिवस गेल्याचं कळलं की मोठं एका दिवसात तोडलं जायचं आणि त्याच्या ताटात दुसरं काही वाढलं जायचं नाही. दुधातलं प्रथिन गेलं, जागी नुसती पातळ पेज आली. पायांवर, चेहऱ्यावर सूज येणाऱ्या कुपोषणाला क्वाशिओरकोर म्हणतात. हा शब्द घानामधल्या गा भाषेतला आहे, आणि त्यात धाकटं आल्यावर मागे पडलेल्या मोठ्या मुलाचाच अर्थ आहे. इतक्या लांबच्या बायकांनी आमच्या पाड्यावरचं बघून नाव ठेवलंय असं वाटायचं. भगर, अंडं, काहीही द्या, पण तोडत असाल तर आधी ताट भरा. (सल्ला नको म्हटलंय, ठाऊक आहे. हा राहवला नाही.)

यावल

तिसऱ्या महिन्यात मुलीने स्वतःच सोडलं. म्हणाली, खारट आहे. संपलं.

शहादा

मी शेवटपर्यंत पाजलं आणि नंतर दोघांनाही. त्यातलं न सांगितलं जाणारं सांगते. आठव्या महिन्यापासून मोठा जवळ आला की अंगावर काटा यायचा. दुखायचं म्हणून नाही, नुसतं नको व्हायचं. ढकलून द्यावंसं वाटायचं. एकदा खरंच ढकललं, तो पलंगाच्या कडेला आपटला आणि मी अर्धा तास त्याला मांडीवर घेऊन बसले. मी वाईट आई आहे हे त्या रात्री पक्कं झालं होतं. नंतर कळलं, पुष्कळ जणींना होतं, कुणी बोलत नाही.

बाळंतपणानंतर नर्सने एकच नियम घालून दिला: आधी धाकटीचं पोट भरायचं, मग मोठ्याने यायचं. पहिल्या दिवसांतला चीक तिच्यासाठी. मोठ्यानेही थोडा प्यायला आणि दोन दिवस पातळ शी केली. चीक पोट साफ करतो, त्यात घाबरण्यासारखं नव्हतं, पण सासूबाईंना 'बघ, मी म्हटलं होतं' म्हणायला मिळालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून छाती दगडासारखी झाली. धाकटीला धरताच येईना. मोठ्याला हाक मारली. त्याने दोन मिनिटांत हलकं केलं. त्या दोन मिनिटांसाठी मी त्याचे आधीचे सगळे महिने माफ केले. दीड महिन्याच्या बाळानंतर त्याचं डोकं मात्र कलिंगडाएवढं जड वाटायचं.

चाळीसगाव (वडील लिहितोय, चालेल ना)

बायकोने पाजावं की नाही यावर माझ्या आईचं, तिच्या आईचं आणि माझ्या मावशीचं मत घेतलं गेलं. तिचं सोडून. मी एवढंच केलं की तपासणीला आईला सोबत नेलं आणि डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवलं. घरी येईपर्यंत आई गप्प होती. रात्री सुनेसाठी वेगळं दूध तापवलं.

अमळनेर

आजीला विचारलं, तुम्ही काय करायच्या. तिला प्रश्नच कळला नाही. मग हसली. "वावरमा जावानं, पोऱ्या रडे, मंग पाजी देवानं. पोटमा शे का नै, कोन इचारे?" पाच मुलं. तिसरं नि चौथं बरोबरच प्यायचं म्हणाली, एक इकडे एक तिकडे. मग म्हणाली, दुसरं सव्वा वर्षाचं होऊन गेलं, ते मी लवकर तोडलं होतं. एवढंच. मी पुढे विचारलं नाही.

रावेर

सगळं वाचलं. मला तिसरा महिना, मुलगा दीड वर्षाचा. तोडायचं नाहीये, पण दुखतं फार. कुणाला त्यावर काही सापडलं का?

भुसावळ

नाही सापडलं. मी मोजायचे. दहा खूप वाटले तर पाचावर ठरव, पोरं ऐकतात.