शब्दचर्चा : ‘स्टोलन जनरेशन्स’ला मराठीत काय म्हणाल?

कोरा कागद : आमच्या फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ (2002) दाखवतोय आणि त्याचं टिपण माझ्या गळ्यात पडलंय. 1931 साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जिगालाँगहून तीन आदिवासी मुलींना सरकारने घरच्यांपासून तोडून मूर रिव्हरच्या सरकारी वसाहतीत नेलं. तिथून त्या निसटल्या आणि ससे अडवायला घातलेल्या कुंपणाच्या कडेकडेने घराकडे निघाल्या. सुमारे 1600 किलोमीटर! एक वाटेत पकडली गेली, मॉली आणि डेझी पोचल्या. अशा मुलांना तिकडे ‘स्टोलन जनरेशन्स’ म्हणतात. मी ‘चोरलेल्या पिढ्या’ लिहिलं, तर बायको म्हणाली, सायकल चोरतात, पिढी कशी चोरतील?

उंबरठा : बरोबर आहे वहिनींचं. आपल्याकडे वस्तू चोरतात, मुलं पळवतात. पण ‘पळवलेल्या’ म्हटलं की टोळी आठवते, सरकार नाही. ‘ताटातूट’ तर मुळीच नको. ताटातूट जत्रेत होते, पुरात होते, ती करणारा कोणी नसतो. इथे करणारा आहे, त्याचं ऑफिस आहे, फायली आहेत.

दगडी पाटी : ‘अपहृत पिढ्या’?

उंबरठा : अपहरण हा गुन्हा झाला. इथे कायदाच त्यांच्या बाजूने होता, तीच तर मेख आहे. 1905 च्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या प्रत्येक आदिवासी मुलाचं कायदेशीर पालकत्व ‘चीफ प्रोटेक्टर’कडे, म्हणजे आदिवासींचा कारभार पाहणाऱ्या तिथल्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेलं. आईबाप हयात असले तरी.

दगडी पाटी : मग चोरी हाही गुन्हाच की! पीटर रीड या इतिहासकाराने 1981 साली ही शब्दजोडी रूढ केली, ती इंग्रजी कानालाही खटकावी अशीच आहे. खटकू दे. माझं मत ‘चोरलेल्या’ला.

कोरा कागद : आणि ‘प्रोटेक्टर’ला?

उंबरठा : मुख्य संरक्षक. आपल्याकडे ‘मुख्य वनसंरक्षक’ असतात ना, त्याच चालीवर. शब्दाला सरकारी शाईचा वास येतो तो राहू द्या. त्या खुर्चीवर 1915 पासून ए. ओ. नेव्हिल होते.

सुतळी : कुंपणानेच शेत खाल्लं! सिनेमाच्या नावातही कुंपण आहे, टिपणाला मथळा मिळाला.

उंबरठा : नको हो, फारच चपखल होतंय.

कोरा कागद : खरा घोळ पुढे आहे. क्लबातले एक काका विचारतात, सिनेमा ‘इतिहासाला धरून’ आहे का? की ‘सत्यकथेवर आधारित’ एवढंच म्हणायचं?

माळरान : मी सिनेमा आणि पुस्तक दोन्ही पाहिलंय. पुस्तक डोरिस पिल्किंग्टन यांचं, 1996 चं. त्या मॉलीची मुलगी. सिनेमात पोलीस गाडी घेऊन येतो, झटापट होते, आईच्या हातातून मुली ओढून काढतात. पुस्तकात तो घोड्यावर येतो, काम सांगतो आणि घरातला म्हातारा फक्त मान हलवतो. मुली मुकाट्याने निघतात, मागे बायकांचा आकांत. पुढचा दक्षिणेकडचा प्रवास पुस्तकात बोटीने होतो, सिनेमात आगगाडीतल्या पिंजऱ्यातून. टीकाकारांनी असे फरक धरून सगळंच खोटं ठरवायचा प्रयत्न केला. मला स्वतःला ती हललेली मान झटापटीपेक्षा जास्त भयंकर वाटते. म्हणून क्रियापद जपून निवडा : सिनेमासाठी ‘ओढून नेलं’, घडलेल्यासाठी ‘उचलून नेलं’. पोलिसांनी ‘उचललं’ म्हटलं की आपल्याला कळतं, झटापट झाली नसली तरी.

दगडी पाटी : अजून एक. नेव्हिल बायकांच्या सभेत तीन पिढ्यांचा फोटो दाखवतो, आजी-मुलगी-नातू, रंग उजळत गेलेला. तो फोटो त्यांच्या 1947 च्या पुस्तकातला आहे, सिनेमात तो 1931 मध्ये येतो. साल चुकलं, पण पिढीगणिक आदिवासी रंग पुसत न्यायचा हा विचार त्यांचाच. आणि तिथे ‘हाफ-कास्ट’ला, म्हणजे गोऱ्या आणि आदिवासी आईबापांच्या मुलाला, ‘अर्धजात’ लिहू नका, आपल्या वाचकाच्या डोक्यात भलतीच जात येईल. ‘संकरित’ लिहा. गाईला आणि ज्वारीला लावतो तो शब्द माणसाला लावलेला कळू दे.

स्वान नदी : पर्थहून. मराठी मंडळात आम्ही ‘हिरावलेल्या पिढ्या’ म्हणतो. तोंडचा घास हिरावतात तसं. त्यात ज्याचं गेलं तो दिसतो. आणि ‘पिढ्या’ हे अनेकवचन सोडू नका : मॉली मोठी झाल्यावर दोन लेकींसह पुन्हा मूर रिव्हरला नेली गेली. धाकटीला कडेवर घेऊन ती परत चालत घरी आली, डोरिस तिथेच राहिली. धाकटीलाही नंतर नेलं.

टिपणात माफीचा उल्लेख असेल तर जपा. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान हॉवर्ड यांच्या सरकारने संसदेत ‘दिलगिरी’ व्यक्त केली. ‘माफी’ मागितली ती 13 फेब्रुवारी 2008 ला, पुढचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी. आपले मंत्रीही आधी दिलगिरीवरच भागवतात, तेव्हा फरक समजेल.

कोरा कागद : ठरलं. मथळ्यात ‘हिरावलेल्या पिढ्या’, आत एकदा ‘चोरलेल्या’ देऊन कारण सांगतो. पहिलं वाक्य : ‘1931 साली एक पोलीस गाडी घेऊन जिगालाँगला आला आणि तीन मुलींना उचलून घेऊन गेला.’

माळरान : घोडा, कोरा कागद. घोडा.